एकट्याचा डोंगर

सराव करायचा म्हणून मी पाठपिशवीत वजनं भरली, इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. चूक एवढीच झाली की ती वजनं मी आमच्याच दुकानातल्या तराजूची उचलली, आणि तीही नेमकी विणकर सकाळी सातला सूत न्यायला येतात त्या दिवशी. पाच किलोची दोन आणि दोन किलोची दोन, असा चौदा किलोचा ऐवज जुन्या बाजारात घेतलेल्या खाकी पिशवीत घालून मी पहाटेपासून सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या मारत होतो. तीन फेऱ्या झाल्या, खांदे सोलून निघाले, आणि आता आपण कुठल्याही कड्याला भारी अशा थाटात भवानी पेठेत परतलो. तर दुकानाच्या पायरीवर सात-आठ माणसं खोळंबून बसलेली, रिकाम्या पारड्यांचा तराजू वाऱ्यावर हलतोय, आणि आमचे अप्पा, म्हणजे वडील, पोलीस चौकीत जायला निघालेले. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय चप्पल शोधत होता.

मी पिशवी खाली ठेवली. आत लोखंडावर लोखंड वाजलं. तो आवाज अप्पांच्या कानांना चाळीस वर्षांच्या ओळखीचा होता. त्यांना पिशवी उघडून बघावी लागली नाही.

"मला कळंना," अप्पा पायरीवरच्या लोकांना म्हणाले, माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, "की सूत तसंच ठेवून नुसती वजनं नेणारा चोर असंल कसा. म्हटलं, डोकं फिरलेला असणार. तेवढं बरोबर निघालं."

नरसय्या आमच्या गल्लीतलाच विणकर. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि थट्टा दोन्हींत. तो गुडघ्यावर हात ठेवत उठला. "बसण्णा, ओझंच उचलायची हौस हाय तर आमचं सूत आमच्या घरी टाकायचं की. वजनांना तळ्याची हवा कशाला दाखवून आणली?"

अशा रीतीनं माझं गुपित फुटलं. मला एकट्यानं डोंगरावर जायचं होतं, चार दिवस, कुणाला बरोबर न घेता, आणि जिथं कुणीच जात नाही अशा ठिकाणी. हे मी निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगणार होतो. ते महिनाभर आधी, सुताच्या गिऱ्हाइकांसमोर, घामानं निथळत सांगावं लागलं.

डोंगराचं वेड सोलापूरच्या माणसाला लागावं कुठून, असा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला आणि आता नातवंडं विचारतात. आमच्याकडे उंच म्हणजे गिरणीची चिमणी. त्याखालोखाल देवळाचं शिखर, आणि त्यानंतर आमचा थोरला भाऊ शिवण्णा. बाकी जमीन अशी सपाट की उन्हाळ्यात दूरवरचा बैलसुद्धा क्षितिजावर हत्तीएवढा दिसावा. पण दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, धंदा जरा उभा राहत होता, आणि अप्पांनी मला एका ट्रकबरोबर चादरींचे गठ्ठे घेऊन महाडला धाडलं. भोर सोडून ट्रक घाटाला लागला आणि एका वळणावर त्याचं इंजिन तापून बंद पडलं. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, तो दोन तास आला नाही. मी गठ्ठ्यांवर बसून समोर बघत राहिलो. समोर एक शिखर होतं. काळं, एकटं, खांद्यापर्यंत रान आणि वर नुसता उघडा कातळ. संध्याकाळचं ऊन त्याच्यावर वर वर सरकत गेलं आणि शेवटी टोकावर एवढंसं राहिलं, आणि मग तेही गेलं. ते बघताना माझं तोंड उघडं होतं, हे मला ड्रायव्हरनं परत आल्यावर सांगितलं. त्या शिखराचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक जातात, आणि लोक गेले की भज्यांची गाडी जाते.

एकट्यानं का, याचं उत्तर आमचं घर बघितल्याशिवाय कळणार नाही. पुढं दुकान, मागं तीन खोल्या आणि अकरा माणसं. भिंतीपलीकडं यंत्रमाग. त्याची खटखट सकाळपासून सकाळपर्यंत चालू असायची, आणि वीज गेली की शांतता झाल्यामुळं पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची. आमच्या झोपेला त्या खटखटीचा टेकू होता. त्यावर गिरणीचा भोंगा, अव्वाचा भाकऱ्या थापण्याचा आवाज, अप्पांचं खोकणं, आणि नेहमी कुणीतरी कुणालातरी हाक मारत असणं. अव्वा म्हणजे आमची आई. घरात निम्मं कानडी असल्यामुळं आई नाही, अव्वा. एकांत हवा तर न्हाणीघर, आणि तिथंही दुसऱ्या तांब्यालाच बाहेरून "झालं का" येणार. माझं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि महादेवीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, मी सलग दहा वाक्यं बोललो असेन नसेन. तेव्हा एकटं राहायची इच्छा होणं यात माझ्या मते विशेष काही नव्हतं. इतरांच्या मते होतं. आमच्या समाजात चार दिवस एकटा डोंगरात जाणारा माणूस एक तर संन्यास घ्यायला जातो, नाहीतर बायकोशी भांडून.

त्यामुळं माझ्या एकट्यानं जाण्याची तयारी अकरा जणांनी मिळून केली. रोज जेवणं झाली की बैठक बसायची. शिवण्णानं कधी पंढरपूरच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं, पण त्यानं दुकानातल्या पाठकोऱ्या कागदावर डोंगराचा नकाशा काढला. त्यात वाघ कुठं असेल ती जागासुद्धा दाखवली होती. मला हवा होता तंबू. बाजारातला मेणकापडाचा तंबू परवडणारा नव्हता, तेव्हा नरसय्यानं दोन सोलापुरी चादरी जोडून एक शिवून दिला. मजबूत म्हणजे इतका की त्यात घरसंसार थाटावा. नक्षी मोरांची होती. जोडताना एका बाजूचे मोर उलटे आले.

"वाऱ्यात कसा बी फडफडला तरी निम्मे मोर सुलटे राहतील," नरसय्या म्हणाला.

"पाऊस आला तर?" मी विचारलं.

"तर भिजेल की. चादर हाय ती. आणि दसऱ्यानंतर पाऊस येतो का?"

अव्वानं खाण्याचं बघितलं. आमच्याकडच्या कडक भाकरीबद्दल मी काय सांगणार. बाजरीची किंवा ज्वारीची, पापडासारखी पातळ, तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या धगीला कडक केलेली. महिनाभर टिकते आणि मोडली की कौल फुटल्यासारखी वाजते. जगातल्या सगळ्या डोंगर चढणाऱ्यांनी सोलापूरकरांकडून ही एक गोष्ट शिकायला हवी, असं माझं आजही मत आहे. अव्वानं चार दिवसांसाठी चाळीस भाकऱ्या केल्या. वर शेंगाचटणीचा डबा आणि शेंगापोळ्या.

"चाळीस कशाला, अव्वा? मी एकटाच हाय."

"वाटेत कुणी भेटलं तर?"

"कुणी भेटू नये म्हणूनच चाललोय."

"मग त्याला भूक लागणार न्हाई का?" अव्वा म्हणाली. चाळीसच्या चाळीस भाकऱ्या पिशवीत गेल्या.

तिची अट मात्र एकच होती. आम्ही लिंगायत. आमचा देव देव्हाऱ्यात नसतो, गळ्यात असतो. लहानपणी दीक्षेच्या वेळी मिळालेलं इष्टलिंग आवळ्याएवढ्या चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं छातीशी बांधलेलं, आणि ते मरेपर्यंत तिथंच. रोज अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, लिंग डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, फूल वाहायचं, थोडा वेळ त्याच्याकडं नुसतं बघायचं, परत डबीत ठेवायचं. त्याआधी तोंडात पाण्याचा थेंबही नाही. "डोंगर असू दे न्हाईतर आकाश असू दे," अव्वा म्हणाली, "पूजा चुकवायची न्हाई." आणि मग तिनं लहानपणापासून ऐकवलेली गोष्ट पुन्हा ऐकवली. आमच्या खापरपणजोबांच्या भावाचं लिंग भीमेच्या पुरात दोरा तुटून पडलं, आणि तो मनुष्य सापडेपर्यंत तीन दिवस अन्नपाण्याशिवाय नदीत उभा राहिला. लिंग नाही तर घास नाही. मी मान डोलावली. मी काही फार धार्मिक नव्हतो. पण कपडे घालतो तसं ते होतं. कपडे घालून बाहेर पडायला श्रद्धा लागत नाही, तसंच.

या सगळ्या गडबडीत महादेवी आपली कामात होती. ती अक्कलकोटकडची. वय एकोणीस. मराठी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात कानडीत तपासून मग बाहेर काढायची. तिनं माझे सदरे धुतले, पिशवीचा तुटलेला पट्टा दाभणानं शिवला, आणि एवढंच विचारलं, "अहो, मला कुणी विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, काय विचारतील? ती म्हणाली, "विचारतायत की. नळावर रोज विचारतायत. काय झालं गं तुमच्यात, म्हणून." मी हसलो आणि म्हणालो, सांग, डोंगर बघायला गेलेत. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. पंचविसाव्या वर्षी माणसाला शिखराचं अंतर बरोबर कळतं, शेजारी बसलेल्या माणसाचं कळत नाही.

पुण्यापर्यंत पॅसेंजर, पुण्याहून भोर, भोरहून मुक्कामाची एसटी. शेवटच्या गावात उतरलो तेव्हा मी एकटाच उतारू होतो, आणि चादरींचा तंबू, चाळीस भाकऱ्या बघून कंडक्टरला मी फेरीवाला वाटलो. रात्र देवळात काढली. सकाळी गावाबाहेर एक म्हातारा धनगर म्हशी हाकत निघाला होता, त्याला वाट विचारली.

"वर कुणाचं लगीन हाय का काय?" त्यानं पिशवीकडं बघत विचारलं.

"न्हाई, मी एकटाच चाललोय. टोकावर."

तो थांबला. मला वरून खालपर्यंत बघितलं. "टोकावर काय हाय?"

"काही न्हाई."

"मंग बराबर," तो म्हणाला, जसं काही मी परीक्षेत पास झालो. खिंडीपर्यंत त्यानं स्वतः आणून सोडलं. मी त्याला सहा भाकऱ्या दिल्या, अव्वाचा शब्द खरा झाला. त्यानं खिंडीत पाण्याचं टाकं दाखवलं आणि वरच्या कातळाकडं बोट करून म्हणाला, "त्या भेगेतनं वाट हाय. चार पुरुष उंच हाय, पर पायाला जागा घावत जाती. गवताला धरू नगंस. गवत तुज्या आदी खाली जातंय. आन उतरताना तोंड डोंगराकडं, गां... पाठ दरीकडं." म्हाताऱ्यानं माझा सदरा बघून शब्द बदलला. मग म्हशींच्या मागं उतरून गेला, आणि घंटांचा आवाज वळणाआड बुडाला.

आणि मग काहीच ऐकू येईना. हे मला कसं लिहावं कळत नाही. मोर फडकावून तंबू उभा केला, चूल मांडली, भाकरी मोडली तर तिचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. माझ्या आयुष्यातली ती पहिली संध्याकाळ की ज्यात भिंतीपलीकडं माग नव्हता. आडवा झालो, पण झोप येईना. टेकूच काढून घेतलेला. मला वाटलं होतं एकांत म्हणजे आराम, हवेशीर काहीतरी. तो तर माझ्याकडं बघत बसलेला होता. अखेर मी तोंडानंच हळू आवाजात खट खट, खट खट असा माग चालवला आणि झोपलो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

उजाडायच्या आत टाक्याच्या बर्फासारख्या पाण्यानं अंघोळ केली. ठरवलं होतं की पूजा टोकावरच करायची, म्हणजे उपाशीच चढायचं. रिकामी पिशवी, त्यात पाण्याचा तांब्या, विभूती, रानातली चार पिवळी फुलं. भेगेशी पोचेपर्यंत मी शीळ घालत होतो. भेगेत शिरल्यावर शीळ आपोआप थांबली. खालून चार पुरुष वाटणारा कातळ आतून बघितला की चाळीस पुरुष असतो. हाताला गार, ओला, खरखरीत दगड, नाकाशी शेवाळाचा वास, आणि पायांमधून दिसणारा माझा तंबू, आगपेटीएवढा. एका जागी मी इतका वेळ थांबलो की मला त्या दगडातला एक पांढरा ठिपका अजून आठवतो. मग काहीतरी करून वर सरकलो, आणि एकदम वर सरकायला काही उरलंच नाही.

टोक आमच्या माजघराएवढं होतं. सूर्य नुकताच वर आला होता. पूर्वेला एकामागं एक सपाट होत जाणारे डोंगर, त्यांच्या शेवटी कुठंतरी सोलापूर. पश्चिमेला जमीन संपलेलीच. सरळ खाली कोकण, आणि त्यावर या शिखराची निळी सावली कित्येक कोस लांब पडलेली. वारा नव्हता. मी बसलो, कारण उभं राहणं उद्धटपणाचं वाटायला लागलं. तळहातावर लिंग घेतलं. काळं, गुळगुळीत, रोजच्यासारखंच एवढंसं. आणि खाली तसाच काळा हा एवढा मोठा दगड. मी एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिलो, आणि मोठं कुठलं नि लहान कुठलं ते मला थोडा वेळ सांगता आलं नसतं. पूजा झाली, लिंग डबीत घातलं. आणि मग मला वाटलं, पंचवीस वर्षं हा देव माझ्या सदऱ्याच्या आत अंधारात बसलाय, यानं काही बघितलेलं नाही. घटकाभर त्यालाही बघू दे. टोकावर मधोमध एक चपटा दगड होता, त्यावर डबी ठेवली, दोरा भोवती गोल गुंडाळला, फुलं वाहिली. काय शोभा आली म्हणता. शिखराला देऊळ लाभल्यासारखं झालं. मी उठलो, हात जोडले, साष्टांग नमस्कार घातला, आणि सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यातून निघतो तसा देवाला पाठ न दाखवता मागं मागं सरकत कडेला आलो, आणि उतरायला लागलो.

उतरताना जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी फारशी अब्रू नाही. उजवा पाय मागाच्या धोट्यासारखा इकडून तिकडे थरथरत होता. गवताला धरलं, आणि म्हाताऱ्यानं सांगितलं तसं ते माझ्या आधी खाली गेलं. खिंडीत पोचलो तेव्हा मी जमिनीला हात लावून शपथ घेतली की ही वाट पुन्हा नाही. मग तंबूपाशी बसलो, भाकरी मोडली, चटणी घेतली, आणि पहिल्या घासाआधी सवयीनं हात छातीशी नेला.

छातीशी काही नव्हतं.

सदरा झटकला. पिशवी उलटी केली. आणि मग मला तो चपटा दगड आणि त्यावरची पिवळी फुलं दिसली, इतकी स्वच्छ की जणू समोर आहेत. ज्यांचा देव देवळात असतो ती माणसं नमस्कार करून घरी जातात. मी त्यांच्यासारखा नमस्कार केला आणि देवाला तिथंच ठेवून आलो. घास हातात होता. घसा कोरडा पडला होता. खाल्लं तर कोण बघणार आहे, असा विचार आला. खोटं कशाला बोलू, आला. सोलापुरात दुसरं लिंग मिळेल, मठातल्या महाराजांच्या पाया पडू, अव्वाला सांगू दोरा तुटला. एवढ्यासाठीच तर एकटा आलो होतो ना, की कुणी बघणार नाही. मी घास तोंडाजवळ नेला. पण तो जाईना. मला त्या नदीत उभ्या राहिलेल्या माणसाचं हसू यायचं लहानपणी. त्या दिवशी मला कळलं की तो हट्टानं उभा नव्हता. त्याला बाहेर येताच येत नव्हतं.

वर बघितलं तर कोकणातून ढग चढत होते. शिखराचा अर्धा भाग नाहीसा झाला होता. घास भाकरीवर परत ठेवला, वर डबा उपडा घातला आणि निघालो.

दुसऱ्या वेळी मी शीळ घातली नाही, आणि टोकावरून काय दिसेल याचाही विचार केला नाही. दिसतच नव्हतं काही. हाताएवढा कातळ, त्याच्या पुढं पांढरं. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलेली. भेगेत पाय ठेवायची प्रत्येक जागा मी बोटांनी चाचपून शोधली, आणि गंमत म्हणजे पाय थरथरला नाही. भीती होती, पण ती वेगळी होती. पडण्यापेक्षा मला ढगात ती डबी सापडली नाही तर, याची जास्त भीती वाटत होती. तो पांढरा ठिपका पुन्हा नाकासमोरून गेला. ओळखीचा माणूस भेटावा तसं वाटलं.

डबी होती. दगडावर, फुलांत, ढगानं पूर्ण ओली. मी ती गळ्यात घातली आणि दोऱ्याला दोन गाठी मारल्या, आणि मग तिथंच, खरं सांगायचं तर, रडलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाठीला ऊब लागली म्हणून मान वर केली. मागं पूर्वेकडं ढग फाटून ऊन आलं होतं, आणि समोर कोकणाच्या अंगाला ढगांची भिंत तशीच उभी होती. त्या भिंतीत एक माणूस होता. काळा, उंच, आणि त्याच्या डोक्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य. कमान नव्हे, कडं. मी श्वास रोखला, तो हलला नाही. मी हात उचलला, त्यानं उचलला. माझीच सावली ती. पुढं एकानं सांगितलं की त्याला इंद्रवज्र म्हणतात, आणि ऊन, ढग आणि कडा असे जुळून आले तर ते कुणालाही दिसतं. असेल. मला त्या वेळी ते माहीत नव्हतं, आणि नव्हतं हे माझं भाग्य. माझ्यासारख्या वजनचोराच्या, देवविसराळ्याच्या डोक्याभोवती सात रंगांचं कडं, आणि मी छातीवर डबी धरून तहानेनं मेलेला. मला हसू आलं, आणि लगेच मी मागं वळून बघितलं. कुणाला तरी दाखवावं म्हणून. महादेवीला हाक मारायला तोंड उघडलं होतं. तिथं कुणी नव्हतं. अगदी मी ठरवलं होतं तसंच. परत वळलो तोवर ढग आणि माणूस दोन्ही विरले होते.

चौथ्या दिवशी घरी पोचलो. उरलेल्या भाकऱ्या अव्वानं मोजल्या नाहीत, हा तिचा मोठेपणा. बैठकीला मी सगळं सांगितलं, कातळ, सावली, इंद्रधनुष्य. शिवण्णानं वाघाचं विचारलं आणि नाही म्हटल्यावर त्याचं लक्ष उडालं. अप्पा म्हणाले, "डोक्याभोवती तेज? तुज्या?" आणि झोपायला गेले. डबीची गोष्ट मी गाळली. ती मी महादेवीला सांगितली, दुसऱ्या दिवशी दुपारी, गच्चीवर ती मिरच्या वाळत घालत असताना. कसं कुणास ठाऊक, गच्चीवर आम्ही दोघंच होतो. नमस्कार करून देव ठेवून आलो ते सांगितलं, घास तोंडापर्यंत नेला तेही सांगितलं, शपथ मोडून पुन्हा कसा चढलो, आणि वर मागं वळून तिला हाक मारणार होतो तेही. मला वाटलं ती घाबरेल, किंवा देवाचा अपमान झाला म्हणून कानाला हात लावेल. ती मिरच्या पसरत राहिली. मग थांबली, वाक्य मनात एकदा तपासलं, आणि म्हणाली,

"देवाला ठेवून आलात, तर उपाशीपोटी दुपारच्या आत परत गेलात की. मला ठेवून गेलात, ते चार दिवसांनी आलात."